उशिरा पोचलेला भाऊ

मदुरैच्या चैत्रोत्सवात मीनाक्षी-सुंदरेश्वरांचा विवाह लागतो आणि त्यानंतर नवरीचा भाऊ येतो. सुमारे 20 किलोमीटरांवरील अळगरकोइलचा हा विष्णू, अळगर, चैत्री पौर्णिमेला सोन्याच्या घोड्यावरून वैगई नदीत उतरतो, तेव्हा मुहूर्त टळून गेलेला असतो. रुसून तो नगरात पाऊल न ठेवताच वळतो, असे लोक सांगतात.

पुराणकथा वेगळी आहे. तिच्यानुसार तो मंडूक ऋषींना शापमुक्त करण्यासाठी येतो. विवाहाशी त्याला कर्तव्य नाही. मीनाक्षीमंदिरातील प्रसिद्ध शिल्पात तर विष्णूच बहिणीचा हात वराच्या हाती देत आहे. पाषाणात वेळेवर पोचलेला भाऊ लोकमुखी मात्र दरवर्षी उशिरा पोचतो!

शैवांचा विवाहसोहळा आणि वैष्णवांची यात्रा तिरुमल नायकाने (राज्यकाल 1623–1659) एकत्र आणली, अशी परंपरा आहे. राजाने फार तर तिथी जुळवल्या असतील. नाते जुळवले ते या रुसव्याने. निर्दोष पुराणकथेला हे साधले नसते.

नदी बहुधा कोरडीच. उत्सवापुरते धरणातून पाणी सोडतात. पहाटे पात्रात दाटलेल्या लाखोंची नजर देवाच्या रेशमी वस्त्रावर असते. ते हिरवे निघाले, तर त्या वर्षी पीकपाणी चांगले.