खेळ पाहण्याचे मोल

नामपुरात संध्याकाळी मुले फुटबॉल खेळतात, तेव्हा कडेला उभे राहून पाहणाऱ्यांना तिकीट लागत नाही. म्हणून मुंबईचे दर ऐकून मन खिन्न होते. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी वानखेडे मैदानावर आला, त्या वेळी तिकिटांची सुरुवातच सुमारे ८,२५० रुपयांपासून झाली होती. मोसम खोऱ्यातील शेतकऱ्याने कित्येक क्विंटल कांदा विकावा, तेव्हा कुठे एक आसन मिळावे. तेही केवळ दर्शनासाठी, कारण मेस्सी सामना खेळणार नव्हता.

आयोजकांना खर्च असतो, हे मान्य. परंतु प्रेक्षक हा निव्वळ गिऱ्हाईक आहे काय? १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, तेव्हा बहुतेक आसने रिकामी होती. विजयी कर्णधार सुनील छेत्री याने लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली आणि ४ जूनला केनियाविरुद्ध भर पावसात मैदान तुडुंब भरले. प्रेक्षकांवाचून विजयही सुना वाटतो, हेच त्याने सांगितले.

तेव्हा प्रत्येक मोठ्या सामन्यात काही जागा कष्टकऱ्याच्या ऐपतीत राखून ठेवाव्यात. एका चेंडूवर भागणारा हा खेळ गरिबांनीच वाढवला. दाराबाहेर त्यांनाच उभे करणे न्यायाचे नव्हे.