फाल्कन हाइट्सचा रस्ता आणि एका आईचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये मी व सौ. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात पंधरा दिवस राहून आलो. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा मिनिआपोलिस शहरात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. तिकिटे त्यानेच पाठवली. कारकुनाच्या पगारात असला प्रवास बसत नाही, हे वाचकांना सांगायला नको. आम्ही मिसिसिपी नदी पाहिली, शहराच्या मधोमध असलेली तळी पाहिली. पण या लेखात सांगावयाचे आहे ते एका साध्या रस्त्याबद्दल. त्या रस्त्यावर कुणी पर्यटक जात नाही. आम्ही गेलो त्याला कारण आदल्या रात्रीचा प्रसंग झाला.

रात्री साडेनऊचा सुमार असेल. पुतण्या मोटार चालवीत होता. मागून लाल-निळे दिवे चमकू लागले. त्याने गाडी कडेला घेतली. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण काय करतो? खाली उतरतो, कागदपत्रे हातात घेतो आणि साहेबांकडे चालत जातो. त्याच सवयीने मी पट्टा सोडला आणि दरवाजाला हात घातला. तोच पुतण्या ओरडला, "काका, बसून राहा! हात मांडीवर ठेवा, दिसतील असे!" आयुष्यात तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. त्याचे स्वतःचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, बोटे पसरलेली. पोलीस आला. सभ्य होता. मागचा एक दिवा बंद आहे, दुरुस्त करून घ्या, एवढे सांगून तो निघून गेला. सारे चार मिनिटांत आटोपले. परंतु पुतण्याच्या कपाळावर घाम होता.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अरे, एवढा का घाबरलास? दिव्याचाच तर प्रश्न होता." तो म्हणाला, "काकू, दिव्याच्याच प्रश्नावरून इथे एक माणूस गेला. उद्या रविवार आहे, तुम्हाला ती जागा दाखवतो."

ती जागा म्हणजे फाल्कन हाइट्स. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांना लागून असलेले, सुमारे पाच हजार वस्तीचे हे टुमदार गाव. लार्पेंटर नावाचा रुंद रस्ता गावातून जातो. एका अंगाला विद्यापीठाच्या कृषी विभागाची शेते, जवळच राज्याच्या वार्षिक जत्रेचे मैदान, दुसऱ्या बाजूस घरे आणि झाडे. आम्ही गेलो तेव्हा एक बाई कुत्र्याला फिरवीत होती. इथे काही वाईट घडले असेल असे कुणाच्या मनातही येऊ नये, अशी ती जागा.

६ जुलै २०१६ रोजी रात्री नऊच्या सुमारास याच रस्त्यावर फ्राय स्ट्रीटच्या नाक्याजवळ फिलँडो कॅस्टिल या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार पोलिसांनी थांबवली. सोबत त्याची मैत्रीण होती, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी होती. ब्रेकचा दिवा बिघडला आहे, असे पोलिसाने त्याला सांगितले. पण त्याआधी वायरलेसवर त्याने वेगळेच सांगितले होते. रुंद नाकामुळे हा चालक एका लुटीतील संशयितासारखा दिसतो, हे ते कारण. नाकावरून संशय! कॅस्टिलचा त्या लुटीशी काही संबंध नव्हता.

कॅस्टिलने विमा कागद दिला आणि आपल्याजवळ बंदूक आहे हे आपण होऊन शांतपणे सांगितले. बंदुकीचा रीतसर परवाना त्याच्याकडे होता. पोलिसाने बंदुकीला हात लावू नकोस म्हटले, कॅस्टिल आणि मैत्रीण दोघेही तो बंदूक काढत नाही असे सांगत राहिले, आणि सात गोळ्या झाडल्या गेल्या. पाच लागल्या. बोलणे सुरू झाल्यापासून मिनिटभराच्या आत हे सारे झाले. मैत्रिणीने त्याच क्षणी फोनवरून चित्रण थेट जगापुढे ठेवले, म्हणून ते जगाला कळले.

त्याच्या स्मृतीसाठी रस्त्याच्या कडेला आता एक छोटी शांतिबाग आहे. सौ. ने वाटेत घेतलेली फुले तेथे ठेवली. आम्ही तिघे थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

सौ. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. पोषण आहाराची वही तिच्याकडे असते. कॅस्टिल काय काम करीत होता हे ऐकल्यावर ती फार हळहळली. तो सेंट पॉलमधील जे. जे. हिल माँटेसरी शाळेत मुलांच्या जेवणघराचा पर्यवेक्षक होता. शेकडो मुलांची नावे त्याला पाठ होती. कुणाला दूध चालत नाही, कुणाला कशाची ॲलर्जी, हे तो लक्षात ठेवी. ज्या मुलाच्या खात्यावर पैसे नसत त्याचे जेवण तो कधी स्वतःच्या खिशातून भरी. आम्ही दुपारी सेल्बी ॲव्हेन्यूवरील त्या शाळेवरून गेलो. सुट्टी असल्याने शाळा बंद होती. सौ. गाडीतूनच बघत राहिली. म्हणाली, "आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कुणाचा डबा कुठला हे असेच ठाऊक असते."

या माणसाचा दुसराही एक हिशेब आहे. मृत्यूपूर्वीच्या तेरा वर्षांत पोलिसांनी त्याची गाडी किमान ४६ वेळा थांबवली होती. दंड ६,००० डॉलरच्या वर गेला होता. त्याच्यावर ठेवलेल्या आरोपांपैकी निम्म्याहून अधिक पुढे रद्द झाले. थांबवण्याची कारणे बहुतेक किरकोळच. दंड थकला की परवाना निलंबित, परवाना निलंबित म्हणून पुन्हा अडवणूक, पुन्हा दंड. सावकारी व्याजाचे चक्र ज्याने पाहिले आहे त्याला हे चक्र समजावून सांगावे लागत नाही.

पुढे न्यायाचे काय झाले? रॅम्से काउंटीच्या सरकारी वकिलांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये त्या पोलिसावर मनुष्यवधाचा खटला भरला. १६ जून २०१७ रोजी बारा जणांच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्यानंतर दहाच दिवसांत, दिवाणी दावा दाखल होण्यापूर्वीच, त्या पोलिसाला नेमणाऱ्या सेंट अँथनी नगराने आई व्हॅलेरी कॅस्टिल यांच्याशी २९ लाख ९५ हजार डॉलरची तडजोड केली. मैत्रिणीला व तिच्या मुलीला मिळून ८ लाख डॉलर मिळाले. पोलिसालाही नोकरी सोडताना ४८,५०० डॉलर देण्यात आले.

फौजदारी न्यायालय निर्दोष म्हणते आणि नगर लाखो डॉलर मोजते, हे कसे? येथे थोडा कायदा सांगणे भाग आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, पण कू क्लक्स क्लान या गोऱ्या गुंडांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांचे हत्यासत्र मांडले आणि स्थानिक अधिकारी डोळे मिटून बसले. म्हणून १८७१ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या काळात एक कायदा झाला. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी नागरिकाचा घटनात्मक हक्क हिरावला तर त्या नागरिकाने केंद्रीय न्यायालयात भरपाई मागावी, असा त्याचा अर्थ. त्यालाच आज 'कलम १९८३' म्हणतात. हा कायदा नव्वद वर्षे जवळजवळ झोपून होता. १९६१ साली शिकागो पोलिसांविरुद्धच्या मन्रो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागे केले.

पण एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने आवळलेही. १९६७ पासून न्यायालयाने पोलिसांना एक संरक्षण दिले आणि १९८२ मध्ये ते अधिक भक्कम केले. अमुक वर्तन बेकायदा आहे हे आधीच स्पष्ट ठरलेले नसेल, तर अधिकाऱ्यावर जबाबदारी येत नाही. १९८९ च्या ग्रॅहॅम खटल्याने बळाच्या वापराची कसोटी घालून दिली. तो खटलाही मोटार थांबवण्याचाच. मधुमेही माणूस साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, रांग पाहून घाईने परतला, एवढ्यावरून संशय घेऊन पोलिसांनी त्याच्या मित्राची गाडी अडवली, आणि त्या झटापटीत त्याचा पाय मोडला. न्यायालय म्हणाले, त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाला त्या क्षणी काय वाटले असते ते पाहावे, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने पाहू नये.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पंचवीस वर्षे खतावणीत डोके घालून बसलो आहे. माझ्या कारकुनी बुद्धीला एक गोष्ट खटकली. कोणतेही खाते शेवटच्या नोंदीवरून बंद करता येत नाही. आधी आरंभीची शिल्लक पाहावी लागते. कॅस्टिलच्या खात्यावर शेवटची नोंद एका मिनिटाची, पण आरंभीची शिल्लक ४६ वेळा झालेल्या अडवणुकीची. खटला चालला त्या मिनिटाचा. आईच्या डोळ्यांपुढे मात्र तेरा वर्षे होती.

आणि ते पैसे कुणाच्या खात्यातून गेले? गोळी झाडणाऱ्याच्या नव्हे. राज्यातील नगरांचा संयुक्त विमा निधी आहे, त्यातून ते दिले गेले. शेजारच्या मिनिआपोलिस शहराने २०२१ साली जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रुकलिन सेंटर या उपनगरात डाँटे राइट या वीस वर्षांच्या मुलाची गाडी नोंदणीची मुदत संपली म्हणून थांबवली गेली आणि तोही गोळीला बळी पडला. तेथे महिला पोलीस अधिकारी दोषी ठरली, २०२२ मध्ये तिला दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि नगराने साडेबत्तीस लाख डॉलरची तडजोड केली. नुसते पैसे भरून पुढची अडवणूक थांबत नसेल, तर ती भरपाई म्हणजे अत्याचाराचा चालू खर्चच होऊन बसते.

तरीही मी निराश होऊन परतलो नाही. कारण आरंभीची शिल्लक पाहायला आता काही ठिकाणी सुरुवात झाली आहे. ज्या सरकारी वकिलांनी कॅस्टिल प्रकरणात खटला भरला, त्यांनीच सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले की, सार्वजनिक सुरक्षेशी संबंध नसलेल्या किरकोळ कारणावरून गाडी अडवली आणि त्यातून गुन्हा निघाला, तर असे बहुतेक खटले आपण चालवणार नाही. म्हणजे हात लावला तो मुळाला. तसेच, आमच्या प्रवासाच्या दोनच महिने आधी, १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टनच्या बार्न्स खटल्यात एकमताने निकाल दिला. टोलच्या थकबाकीवरून २०१६ मध्ये अडवलेल्या मोटारीतील तरुण मारला गेला होता. खालच्या न्यायालयांनी गोळी सुटण्यापूर्वीचे दोन सेकंदच पाहिले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, तेवढेच पाहून चालणार नाही, आधीपासूनची सारी परिस्थिती पाहा. प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. इतकी वर्षे हा दावा कोण लढत होते? त्या तरुणाची आई.

आयांचे हे नाते मला आपल्या देशातही दिसते. ओडिशातील नीलाबती बेहेरा यांचा २२ वर्षांचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळावर त्याचा मृतदेह सापडला. या मातेने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने तेच पत्र अनुच्छेद ३२ खालील याचिका मानले आणि १९९३ मध्ये राज्याला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्काचा भंग झाला असता राज्य आपल्या सार्वभौमत्वाची ढाल पुढे करू शकत नाही, हे तेथे ठरले. बाबासाहेबांनी संविधान सभेत याच अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा आणि हृदय का म्हटले, हे अशा वेळी समजते.

परत व्हॅलेरीबाईंकडे येतो. मुलाच्या नावाने काढलेल्या निधीतून सेंट पॉलच्या शाळांतील मुलांची जेवणाची थकबाकी फेडली गेली. २०१९ मध्ये या माउलीने आपल्या संस्थेतर्फे एका हायस्कूलला ८,००० डॉलर दिले, जेणेकरून जेवणाच्या उधारीपायी शेवटच्या वर्षाच्या कुणाही मुलाचे अडू नये. २०२३ मध्ये मिनेसोटा राज्याने सर्वच शाळकरी मुलांना मोफत न्याहारी व जेवण देण्याचा कायदा केला. मुलगा जे खिशातून करीत होता, ते आता राज्य करते.

वाचकहो, त्या बागेपाशी उभा असताना मी एक निश्चय केला, तो तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाला रस्त्यात अडवले, चौकीत नेले, चापट मारून सोडले, की आपण म्हणतो, "सुटला ना, जाऊ दे." आणि नोंद राहत नाही. यापुढे नोंद ठेवू या. तारीख, वेळ, जागा, कारण, पोलिसाचे नाव, बक्कल नंबर, साक्षीदार. शंभर पानी वही पुरे. कोर्टात उद्या कुणी शेवटच्या मिनिटाचाच हिशेब मागितला, तर आपल्याला आरंभीची शिल्लक दाखवता आली पाहिजे. आमच्या वस्तीच्या विहारात ही वही आल्या आल्या सुरू केली. पहिल्या पानावरचे अक्षर सौ. चे आहे.