मावशीचे बोट आणि साहेबांचा फळा

इस्पितळात आयाबाईला मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयला मामा. पेशंट म्हणतो, डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, साहेबसुद्धा म्हणतात. नात्याचा शब्द इतका स्वस्त दुसरीकडे कुठे झाला नसेल. मावशीला ताप आला की खाडा लागतो, मावशीच्या मुलीचे लग्न असले तरी रजा नामंजूर होते, आणि पंधरा वर्षे तिच्याकडून बेडपॅन उचलून घेणाऱ्या वॉर्डाला तिचे खरे नाव ठाऊक नसते.

आम्ही मुंबईतल्या एका खाजगी इस्पितळात बिलिंगच्या खिडकीमागे बसतो. त्याला इस्पितळ म्हणण्यापेक्षा कंपनीच म्हणावे. वर संचालक, त्यांच्याखाली युनिट हेड, मग मॅनेजर, मग कंत्राटदाराचा सुपरवायझर, आणि सगळ्यांच्या खाली मावशी व मामा. ह्या शेवटच्या पायरीवर आपल्या वस्त्यांतल्या आया-बहिणी बऱ्याच आहेत, म्हणून हे ह्या पानावर लिहीत आहोत.

कारकुनाला आकड्यांतून माणसे दिसतात. पेशंटच्या बिलात हातमोज्यांची वेगळी ओळ असते. दिवसाला इतके जोड, एका जोडाचे इतके रुपये. बिल आम्हीच काढतो, म्हणून तो आकडा आम्हास पाठ आहे. त्याच वॉर्डातल्या मावशीला मात्र पूर्ण पाळीसाठी एक जोड मिळतो. दुसरा मागितला तर सुपरवायझर म्हणतो, "घरी भांडी घासायला नेता काय?" मानांकनाची तपासणी आली की मात्र चमत्कार होतो! पेट्याच्या पेट्या बाहेर येतात, भिंतीवर हात धुण्याची चित्रे लागतात, मावशींना उत्तरे घोकून घ्यावी लागतात. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, सुया कशात? पांढऱ्या डब्यात! तपासणारे खूश होऊन जातात, ग्रुप फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी पेट्या पुन्हा कुलपात जातात. त्या फोटोत एकही मावशी नाही, हे सांगायला नकोच.

आमचे सध्याचे साहेब हॉटेलच्या धंद्यातून आले. त्यात वाईट काही नाही, माणसांची सोय पाहणे हॉटेलवाल्यालाही कळते. परंतु त्यांना सोय कळते ती पैसे मोजणाऱ्याची. रोज सकाळी मीटिंग होते. किती खाटा भरल्या, किती ऑपरेशने झाली, टार्गेट किती राहिले, हे विचारले जाते. रात्रपाळीला चाळीस पेशंटमागे किती मावशी होत्या, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये निघाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. मीटिंगच्या खोलीबाहेर त्यांनी एक फळा लावला आहे : 'या महिन्यातील अपघात – ०'. महिनाअखेरपर्यंत शून्य टिकले तर मॅनेजर लोकांचे कौतुक होते. ह्या शून्यानेच पुढचे सारे रामायण घडवले.

गेल्या पावसाळ्यात बारा तासांची रात्रपाळी संपता संपता एका मावशीने पिवळी पिशवी बांधायला घेतली. सुई पांढऱ्या डब्यात जायची ती कुणीतरी घाईत पिशवीत टाकलेली होती. ती मोज्यातून आरपार तिच्या बोटात गेली. रक्त आले. सुपरवायझर म्हणाला, "डेटॉलने धुवा, फॉर्म कशाला भरता? महिना चांगला चाललाय." वर आणखी, "तुम्हीच नीट बघितले नसेल." बाई सव्वाआठला आमच्या खिडकीशी आली, बोटाला चिंधी गुंडाळलेली. आम्ही रविवारी विहारात वेतनचिठ्ठ्या वाचून देतो, भविष्य निर्वाह निधीचे फॉर्म भरतो, म्हणून तिला आमची ओळख.

येथे एक गोष्ट सर्व वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावी. अशी सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवावी, बोट दाबून रक्त पिळत बसू नये, आणि तडक सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात जावे. एच.आय.व्ही.पासून बचावाचे औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ते २८ दिवस घ्यायचे असते, आणि तेथे मोफत मिळते. कावीळ 'ब'ची लस झालेली आहे की नाही, हेही डॉक्टर विचारतात.

आमच्या दोघा सहकाऱ्यांनी तिला टॅक्सीत घालून महापालिकेच्या इस्पितळात नेले. औषध सुरू झाले. 'ब'ची लस? तिने नुसते आमच्या माणसांच्या तोंडाकडे पाहिले. अकरा वर्षे इस्पितळाचा कचरा उचलणाऱ्या बाईला ती कुणी टोचली नव्हती! अठ्ठावीस दिवस गोळ्यांनी तिला मळमळत होते, आणि ती कामावर येत होती, कारण खाड्याचे पैसे कापले जात. नवऱ्याला काय सांगावे, ह्या चिंतेने ती अर्धी झाली. शेवटी आमच्या घरच्या मंडळींनी जाऊन त्याला समजावले. पुढचे रिपोर्ट निर्दोष आले.

मग आम्ही अर्ज केला. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये स्पष्ट आहे की कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ 'ब' व धनुर्वाताची लस, कामावर घेताना तपासणी आणि नंतर वर्षातून निदान एकदा तपासणी, ही जबाबदारी इस्पितळ चालवणाऱ्याची. एच.आर.च्या मॅडम म्हणाल्या, "त्या आमच्या एम्प्लॉयी नाहीत, कंत्राटदाराच्या आहेत." कंत्राटदार म्हणाला, इस्पितळ तुमचे, लस तुमची. साहेबांनी आम्हास आत बोलावले. चहा मागवला. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," ते म्हणाले, "कुटुंबात कुणी अर्ज करतं का?" आम्ही म्हटले, साहेब, कुटुंबातल्या माणसाला सुई टोचली तर घर फळ्याकडे पाहत नाही. चहा तसाच राहिला. पुढच्या महिन्यात आमच्यातल्या एकाची बदली रेकॉर्ड रूमला झाली, तळघरात.

मोठ्याने कोणी बोलत नाही अशी आणखी एक गोष्ट आहे. पँट्रीत, म्हणजे पेशंटचे जेवण वाढायच्या जागी, मावशी नेमताना सुपरवायझर पूर्ण नाव विचारतो, आडनावासकट. कचरा आणि संडासाच्या कामाला नेमताना नुसते 'उद्यापासून या' म्हणतो. पँट्रीत आपली एकही बाई नाही. योगायोग असेल म्हणावे, तर इतकी वर्षे तोच योगायोग कसा? कापडगिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण सूत तोंडाने ओले करावे लागे आणि विटाळ होई. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते उगाच नव्हे. गिरण्या गेल्या, जागेवर मॉल आले, ताटाचा विटाळ काचेच्या इमारतीत शिरला.

सिस्टरांचे हाल निराळे. आपल्या अनेक मुली आता नर्सिंग करतात, कर्ज काढून करतात. कामावर घेताना मूळ सर्टिफिकिटे ठेवून घेतात आणि बाँड लिहून घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने अगदी लहान, पन्नास खाटांच्या आतल्या इस्पितळातही नर्सला किमान वीस हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. शिफारसच ती. बारा तासांच्या पाळीचेही तसेच. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या धोरणातून १९४६ साली कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आमच्या मावशींनी सहा रात्री बारा तासांप्रमाणे मोजाव्यात, किती होतात ते.

तथागतांच्या काळात एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. संघाचा जो सर्वात मोठा, त्याने स्वतः पाणी ओतले, आनंदासोबत त्याला धुतले, डोक्याकडून स्वतः उचलले, पायाकडून आनंदाने, आणि खाटेवर निजवले. मग बाकीच्यांना बोलावून विचारले. आधी काम, मग मीटिंग! सिगालोवाद सुत्तात तर धन्याने नोकराशी कसे वागावे हेच सांगितले आहे. ताकद पाहून काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, चांगलेचुंगले वाटून खाणे, वेळेवर सुटी. साहेबांच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आहे, इटालियन चौकटीत. शोभेची.

अर्जावर अकरा बायांनी अंगठे-सह्या केल्या होत्या. दोघींनी नंतर माघार घेतली, त्यांना आम्ही दोष देत नाही, घरी कमावते दुसरे कुणी नाही. दिवाळीनंतर एकदाचे शिबिर लागले. कावीळ 'ब'चे तीन डोस असतात. पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. दोन झाले. तिसरा मे महिन्यात पडत होता, आणि मार्चअखेर कंत्राटदार बदलला. नव्याच्या यादीत सात जणींची नावे नाहीत. एच.आर. म्हणते जुन्याला विचारा. जुन्याच्या कचेरीला कुलूप आहे.

देशातल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या पुष्कळ गोष्टींवर कामगार संघटनांचा आक्षेप आहे, आणि आम्हासही तो पटतो. पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे, एवढे त्यात आहे. ते मागावे. आम्ही सातही जणींचे मागितले आहे. लसीबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र दिले आहे, कारण त्या नियमांची अंमलबजावणी त्यांच्याकडे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. ज्यांच्या घरातले कोणी अशा कामाला असेल त्यांनी लसीचे कार्ड आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. कार्ड नसेल तर नुसते यावे.