पाण्याची आजमाईश

विद्यानगरहून पायी निघाले की थोड्याच वेळात नल्लाकुंटा लागते. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा आणि ‘कुंट’ म्हणजे लहान तळे. हैदराबादी बोलीत मात्र ‘नल्ला’ म्हणजे पाण्याचा नळ; त्यामुळे मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्यांना ही नळाची वस्ती वाटते. आम्ही त्यांचा समज दूर करण्याच्या भानगडीत फारसे पडत नाही. तेथे शंकर मठ आहे, फीव्हर हॉस्पिटल आहे, भाजीबाजार आहे, तळे नाही. नळ आला आणि तळे गेले, असा त्या नावाचा अर्थ लावला तर तो व्याकरणाला धरून नसला तरी वस्तुस्थितीला धरून आहे.

नळ कसा आला, हे आपल्या जुन्या घराण्यांत सर्वांस ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुराच्या कथा आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या. त्या पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस बोलावले आणि त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. पुढे १९६५ मध्ये मंजिरेचे पाणी आले, चालू शतकाच्या आरंभी नागार्जुनसागराकडून कृष्णेचे आले आणि २०१५ मध्ये गोदावरीचेही आले. या सर्वांविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पाणी जितके दुरून येऊ लागले तितका त्याविषयी चार शब्द बोलण्याचा आपला अधिकार आखडत गेला. वाड्यातला आड आटला तर वाड्यातील माणसे एकत्र बसत. नळाला पाणी आले नाही तर आपण एकेकटे तक्रार नोंदवितो आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवतो.

गेल्या काही वर्षांत उलट दिशेचेही थोडे घडले आहे. आमच्या भागापासून फारसे दूर नसलेल्या बाग अंबरपेटेतील बतुकम्मा कुंटा हे तळे राडारोडा आणि झुडपांखाली नाहीसे झाले होते. २०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हैड्रा’ या सरकारी यंत्रणेने ते उकरून काढले आणि २०२५ च्या सप्टेंबरात, बतुकम्माच्या सणाच्या दिवसांत, ते लोकांस खुले झाले. हे काम चांगलेच झाले. परंतु आयुष्यभर सरकारी चाकरी केलेल्या माणसास अशा वेळी एक प्रश्न पडतोच, आणि तो आनंदाच्या प्रसंगी विचारू नये असे घरचे सांगतात. तळ्यात सांडपाणी सोडणाऱ्यास अडविण्याचा हक्क कोणाचा? पाणी कशासाठी वापरावे आणि कशासाठी नाही, हे कोण ठरविणार? तळे राखण्याचे श्रम लोकांस देणे सोपे असते. त्यावरील निर्णय लोकांस देणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ‘लोकसहभाग’ या भारदस्त शब्दाखाली या दोन गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात.

त्यांतील भेद पाहावयाचा तर पुन्हा विश्वेश्वरय्यांकडेच वळावे लागते. हैदराबादेस येण्यापूर्वी पंचवीस वर्षे, १८८४ मध्ये, ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले होते आणि आरंभीच्या काळात त्यांनी धुळ्याकडे, पांझरा नदीच्या खोऱ्यात काम केले. खानदेशातील पांझरा आणि नाशिककडील मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून फड पद्धतीने शेती भिजविण्याची रीत तीन-चारशे वर्षांची आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग करावयाचे, त्यांस फड म्हणावयाचे आणि एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे. ऊस कोणत्या फडात आणि धान्य कोणत्या, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवावयाचे. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. म्हणून पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला तरी त्याची झळ एकट्यादुकट्यास लागत नसे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, त्यांवर हवालदार असे, आणि या सर्वांचे वेतन शेतकरीच देत. पुढे नीरा कालव्यासाठी विश्वेश्वरय्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिचे फडाशी असलेले साम्य डोळ्यांत भरते. कालवा मात्र सरकारचा होता. फडात ज्याचे पीक त्याचाच शब्द होता. कालव्यावर शब्द कचेरीचा.

कचेरीची ही बाजू आम्ही आतून पाहिली आहे. आमची सारी नोकरी महसुली कामात गेली. १९९७ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने सिंचन व्यवस्था शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला, तेव्हा आम्ही ऐन उमेदीत होतो. त्या वर्षीच्या जून महिन्यात राज्यभर दहा हजारांहून अधिक पाणी वापर संस्थांच्या निवडणुका झाल्या. मतदारयाद्या कराव्या लागल्या, मतपेट्या वाहाव्या लागल्या आणि पुष्कळ सहकाऱ्यांनी नाके मुरडली. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग तोवर कोणी केला नव्हता.

त्या काळातील एक शब्द आम्हांस फार प्रिय आहे: आजमाईश. उर्दूत त्याचा अर्थ कसोटी. आमच्या खात्यात कोणत्या जमिनीस खरोखर पाणी मिळाले, त्यावर कोणते पीक उभे आहे आणि पाणीपट्टी किती बसते, याच्या शिवारातील पडताळणीस आजमाईश म्हणत. पूर्वी हे काम गावचा महसुली नोकर आणि कालव्यावरचा ‘लष्कर’ यांच्यात उरकत असे. (कालव्याच्या राखणदारास आमच्याकडे लष्कर म्हणतात, एकटाच असला तरी.) नव्या कायद्यानंतर महसूल, पाटबंधारे आणि पाणी वापर संस्था यांनी मिळून संयुक्त आजमाईश करावयाची, असे ठरले. अशाच एका फेरीत कालव्याच्या अगदी शेवटच्या गावी एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस वहीत डोकावू दिले नाही. तो म्हणाला, “साहेब, आधी बांधावर चला, मग कागद काढा.” त्याच्या तीन एकरांस कित्येक वर्षे पाणी पोहोचले नव्हते आणि पट्टी मात्र नियमाने लागत होती. बांधावर संस्थेचे सदस्य उभे होते. ते त्याचेच शेजारी. त्यांच्यादेखत कोणासच खोटे लिहिता आले नाही. नोंद दुरुस्त झाली. कायद्याने काय साधले असे कोणी विचारले तर आम्ही हीच गोष्ट सांगतो.

आणि काय साधले नाही, हेही तेथेच दिसले. संस्थांच्या वाट्यास डागडुजी आली, गाळ काढणे आले, त्यासाठी निधी आला. धरणातून पाणी कधी आणि किती सुटणार, हे पूर्वीसारखेच वर ठरत राहिले. पट्टीची वसुलीही महसूल खात्याकडेच राहिली. ज्याच्या हाती वाटप नाही आणि कामे मात्र आहेत, त्या संस्थेचे अध्यक्षपद हळूहळू कंत्राटदारीकडे झुकते; तसे ते पुष्कळ ठिकाणी झुकले. तेलंगण राज्य झाल्यावर २०१५ मध्ये मिशन काकतीय सुरू झाले. राज्यातील ४६ हजारांहून अधिक तलावांचा गाळ टप्प्याटप्प्याने काढावयाचा ही त्यामागील योजना मोठी होती, आणि तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतांत नेला. संस्थांच्या निवडणुका मात्र राज्याच्या पहिल्या दशकात झाल्या नाहीत. तलाव खोल झाले, बैठका बंद पडल्या.

महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर याउलट अनुभव आला. ओझरचे शेतकरी कालव्याच्या पुच्छभागातले. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथे १९९०-९१ च्या सुमारास तीन संस्था निघाल्या. त्यांनी पाणी मोजून, घनफळावर मागितले आणि आपापसांत वाटण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. पुढे सगळ्या प्रकल्पावर संस्था झाल्या, आणि २००५ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदाही केला. मोजलेले पाणी हाती असले की मग भांडणही मुद्द्याचे होते.

तरीही या सर्वांत पाणी जमिनीमागे जाते. ज्याची जमीन नाही तो बैठकीबाहेरच. ही भिंत ओलांडणारा माणूस आमच्या मते एकच, विलासराव साळुंखे. १९७२ च्या दुष्काळाने हललेल्या या अभियंता-उद्योजकाने पुरंदर तालुक्यातील नायगावास पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचणाऱ्यास दचकवितात. पाणी माणशी, प्रत्येकी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनासही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. त्यांचे नियम सरकारी धोरण कधी बनले नाहीत, आणि ते का बनले नाहीत हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

हे सारे शेतीचे झाले, शहराशी त्याचा काय संबंध, असे वाचक म्हणतील. विद्यानगरातील आमच्या इमारतीत सोळा घरे आहेत; तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी. जमिनीखाली एकच टाकी आहे. तिला येथे ‘संप’ म्हणतात. पुण्याचे आप्त हा शब्द ऐकून कोणी काम बंद केले असे विचारतात. २०२१ च्या जानेवारीत दरमहा घरटी २० हजार लिटर मोफत पाण्याची योजना सुरू झाली तेव्हा मीटर चालू असण्याची अट होती, म्हणून आमचा कित्येक वर्षे झोपलेला मीटर जागा झाला. परंतु तो साऱ्या इमारतीचा मिळून एक. कोणते घर किती वापरते, हे गूढच राहिले.

२०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटला आणि टँकर येऊ लागले. खर्च घरटी सारखा वाटला जाई. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका बाई आणि सहा माणसांचे शेजारचे कुटुंब यांचा भार एकच. बाईंनी तक्रार केली नाही. आम्हीच बैठकीत साळुंख्यांचे नाव काढले. माणशी हिशेब करावा, असे सुचविले. तासभर गदारोळ झाला. पाहुणे मोजावयाचे काय? अमेरिकेहून तीन महिन्यांसाठी आलेला मुलगा पाहुणा की रहिवासी? वरच्या मजल्यावरील रावगारूंनी तान्ह्या नातवास अर्धा धरण्याची सूचना केली आणि ती संमत झाली.

त्याच बैठकीत एकाने निराळाच प्रस्ताव आणला: टंचाई असेतोवर वॉचमनच्या खोलीजवळील नळास कुलूप घालावे. तेथे नवरा-बायको आणि दोन मुले राहतात. पाण्याअभावी शेती सोडून पालमूरकडून आलेले हे कुटुंब. मोटार तो चालवितो, टँकर रात्री दोन वाजता आला तरी तोच उतरवून घेतो, आणि आमच्या सभासदयादीत त्याचे नाव नाही. नायगावचा भूमिहीन आमच्या जिन्याखालीच राहत होता. हे आम्ही बोलून दाखविले तेव्हा काहींनी, हा कायद्याचा मुद्दा नाही, असे म्हटले. ते खरेच होते. मतदान झाले, नऊ विरुद्ध सात. कुलूप लागले नाही, आणि त्या चौघांस धरून माणशी आकडा काढण्यात आला. त्यांचा हिस्सा सोळा घरांवर पडला. दोन घरे तो अद्याप भरत नाहीत. मोटारीच्या खोलीत वही टांगलेली आहे, तीत ती थकबाकी दरमहा लिहिली जाते, आणि येणाराजाणारा ती वाचतो.

बोअर आणखी खोल नेण्याचा विषय मात्र अजून शिल्लक आहे. २००२ च्या पाणी, जमीन व वृक्ष कायद्यान्वये त्यास परवानगी लागते. ती मिळविता येईल असे जाणकार सांगतात. अडचण कायद्यापलीकडची आहे. आमच्या कुंपणापलीकडे एका जुन्या घरात आड आहे आणि त्यात अजून पाणी आहे. आमचा बोअर खोल गेला तर ते राहील की नाही, याची कोणास खात्री देता येत नाही. त्या घरच्यांस आमच्या बैठकीस बोलवावे काय, यावर गेल्या महिन्यात दीड तास चर्चा झाली. शेवटी बोलवावयाचे ठरले. पत्र तेलुगूत लिहावयाचे की इंग्रजीत, एवढेच राहिले आहे.