पासंग काढून ऐकावे

सोनगीर हे आमचे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस, किल्ल्याच्या टेकडीला बिलगून वसलेले आहे. येथील तांब्या-पितळेच्या भांड्यांची ख्याती खानदेशाबाहेरही आहे. आमचे घराणे याच व्यापारातले. मी बँकेच्या नोकरीत गेलो, तरी बालपणी वडिलांजवळ दुकानात बसून दोन गोष्टी शिकलो होतो. पहिली, हंड्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत असेल तर भांडे निर्दोष, बद्द असेल तर कुठेतरी चीर आहे. दुसरी, माल तोलण्यापूर्वी रिकाम्या तराजूचा पासंग पाहायचा. पहिली जन्मभर लक्षात राहिली. दुसरी मात्र साठीत विसरलो, आणि त्यापायी एका भल्या कारागिरावर माझ्याकडून अन्याय झाला.

१९८६ साली गावातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडून मी प्रीअँप्लिफायर करवून घेतला होता. ध्वनियंत्रणेत याचे काम पेढीवरील मुनिमाचे. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी यांपैकी हवा तो संकेत निवडणे, त्याची पातळी कमीजास्त करणे आणि तो पुढच्या शक्तिशाली अँप्लिफायरकडे सोपविणे. आलेली रक्कम वहीत जशीच्या तशी उतरवावी, पदरचे काही मिसळू नये, हाच चांगल्या मुनिमाचा गुण. त्या गृहस्थांनी बीसी १४९ जातीचे ट्रान्झिस्टर वापरून, पत्र्याच्या साध्या पेटीत हे यंत्र बसविले. तेहतीस वर्षे मी त्यावर गाणी ऐकली.

निवृत्तीनंतर, २०१९ मध्ये, दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी रक्कम मोजून मी नवा प्रीअँप्लिफायर आणला. दोन्हींची बटणे एकाच खुणेवर ठेवून पंडित भीमसेन जोशी यांचे गायन ऐकले. नव्यात स्वर भरदार, तानपुऱ्याची जवारी स्पष्ट. जुना त्यापुढे मलूल भासला. रस्त्यात ते कारागीर भेटले तेव्हा हे मी त्यांना बोलूनही दाखविले. ते इतकेच म्हणाले, “साहेब, एकदा आवाज सारखा करून ऐका.” मला ती पराभूताची सबब वाटली.

पुढे दिवाळीत अभियंता असलेला पुतण्या घरी आला. त्याने स्पीकरच्या टोकांना मीटर लावले आणि दोन्ही यंत्रांतून एकच अखंड सूर वाजविला. जुन्यावर मीटरने २ व्होल्ट दाखविले, नव्यावर २.२४. हा फरक सुमारे १ डेसिबलचा. एवढा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून सहसा जाणवत नाही; ‘अधिक चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. आवाज चढला की खर्जही अधिक भरीव भासतो. मानवी कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून मांडला होता. नवे यंत्र संकेत थोडा अधिक वाढवीत होते, एवढेच. तराजूत पासंग होता आणि मी त्याला माल समजलो होतो.

पुतण्याने दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत आणली. मला यंत्रांकडे पाठ करून बसविले, नाणे उडवून सोळा वेळा एकेक यंत्र लावले आणि प्रत्येक वेळी ओळखण्यास सांगितले. बारा उत्तरे बरोबर आली असती तर माझ्या कानांवर विश्वास ठेवता आला असता, कारण निव्वळ अंदाजाने तितकी येण्याचा संभव शंभरात चारांहूनही कमी. माझी नऊ आली. डोळे मिटून ठोकताळे बांधणाऱ्याची आठ आलीच असती.

सर्वच प्रीअँप्लिफायर सारखे असतात, असा याचा अर्थ नव्हे. रेकॉर्ड लावली तेव्हा फरक खरोखर निघाला. रेकॉर्ड कोरताना खर्ज कमी व तीव्र स्वर अधिक ठेवलेले असतात. वाजविताना प्रीअँप्लिफायर ते उलट करून मूळ जागी आणतो. शिवाय पिनेकडून येणारा संकेत काही सहस्रांश व्होल्टचाच असतो. तो कित्येक पट वाढविताना यंत्राचे दोषही सोबत वाढतात. आमच्या जुन्या यंत्रात मागे बारीक गुणगुण होती, नव्यात नव्हती. फार हळू आवाजात जुन्याची डावी बाजू किंचित मंदही होत होती. हे दोष पाठ करूनही ओळखता आले. ‘भरदार’ आणि ‘मलूल’ मात्र कुठल्या कुठे गेले.

म्हणून नवे यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी आधी दोन्हींची पातळी मीटरने सारखी करावी. कोणते चालू आहे ते दुसऱ्याला ठाऊक असावे, आपल्याला नसावे. संगीत थांबवून गुणगुण व खरखर ऐकावी, मग अगदी हळू आवाजात दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहावे. किंमत शेवटी विचारावी. हंड्याचा नाद हा त्याचा गुण. प्रीअँप्लिफायरला मात्र स्वतःचा नाद असू नये.

दुसऱ्या दिवशी जुने यंत्र घेऊन मी त्या कारागिरांच्या घरी गेलो व घडले ते सांगितले. माझे बोलणे संपण्याआधीच त्यांनी झाकण उघडले होते. “कंडेन्सर सुकलाय साहेब, तेहतीस वर्षं झाली त्याला,” म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. पैसे त्यांनी फक्त कंडेन्सरचेच घेतले.