लुगड्याखालची पेटी

वडील गेले त्या दिवसापासून आमच्या घरांतली पेटी मुकी झाली. आई तिच्यावर रोज सकाळीं भजनें म्हणत असे. पुढें तिनें तिच्यावर एक जुनें लुगडें घातलें, आणि तें उचलावें असें कुणालाच वाटलें नाहीं. दुःखानें माणसाचा स्वर हरपावा हें मला तेव्हां स्वाभाविक, किंबहुना शोभेसें वाटे.

परवां अॅलिस कोल्ट्रेन या अमेरिकन वादक बाईंचें चरित्र वाचतांना ही समजूत डळमळली. १९३७ सालीं डेट्रॉइट येथें त्या जन्मल्या. लहानपणापासून चर्चमध्यें पियानो वाजवीत. जॅझ संगीतांतले विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन हे त्यांचे पति. त्यांनीं घरासाठीं एक हार्प मागविली होती. पण १९६७ च्या जुलैंत ते वारले, आणि हार्प घरीं आली ती त्यानंतर! पदरीं चार मुलें. झोप उडालेली, शरीर झडलेलें. तरी बाई त्या वाद्यापुढें बसल्या आणि आपलें आपणच तें शिकल्या.

पुढें स्वामी सच्चिदानंदांचा सहवास घडला, भारताची यात्रा झाली. १९७१ सालीं निघालेल्या 'जर्नी इन सच्चिदानंद' या ध्वनिमुद्रिकेंत हार्पच्या सुरांमागें आपला तंबोरा झंकारतो. नंतर त्यांनीं मैफलींचा व्यवसायही जवळजवळ सोडला. १९८३ सालीं लॉस एंजल्सनजीकच्या टेकड्यांत आश्रम काढून तेथें त्या भजनें गाऊं लागल्या. शब्द संस्कृत नामस्मरणाचे. पण उठाव मात्र डेट्रॉइटच्या चर्चमधला. २००४ सालीं मुलगा रवी यानें आग्रहानें त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणास बसविलें. २००७ च्या जानेवारींत त्या निवर्तल्या.

त्या मुलाच्या आग्रहापाशीं मी थबकलों. वर्षश्राद्धानंतर एका दुपारीं आई पेटीजवळ बसलेली मला दिसली होती. तिचीं बोटें लुगड्यावरूनच पट्ट्यांवर फिरत होतीं. मी पाऊल न वाजवितां माघारीं वळलों. तिच्या दुःखाचा मान राखला असें इतकीं वर्षें मी समजत आलों. खरें सांगायचें तर विधवेच्या गाण्याला लोक काय म्हणतील, ही धास्ती माझ्याही मनांत दबा धरून होती.

आई आतां नाहीं. मागल्या आठवड्यांत तें लुगडें मीं काढलें. भाता अजून हवा धरतो. कांहीं सूर बोलतात, कांहीं बोलत नाहींत. पण ज्या दुपारीं तें काढायला हवें होतें, ती दुपार मीं दारांतूनच परत पाठविली होती.