ढिलं सोड म्हणजे काय?

पाठीवर निजायचं, डोळे मिटायचे आणि काही करायचं नाही, एवढ्यासाठी पहाटे सतरंजी घेऊन शाळेच्या पटांगणात कशाला जायचं? पण सोयाबीन काढल्यापासून मान दुखत होती. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. हाडात काही नाही, टेन्शन कमी करा, म्हणाले. कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहिता येत नसावं.

आमच्या इंझोरीतला हा योगवर्ग घेणाऱ्या गुरुजींनी मला चौथीत शिकवलंय, त्यामुळे भीड नाही. बाकीची आसनं निदान दिसतात. पाय वर गेला की नाही, शेजारचाही सांगतो. शवासन जमलं हे कळायचं कसं? गुरुजींनी माझा हात मनगटाशी धरून वीतभर उचलला आणि सोडला. हात हवेत तसाच.

"काहून धरून ठेवला? ढिलं सोड."

"सोडलाच त हाये, गुरुजी."

पोरं हसली. मी हात खाली नेला.

"हा त तुनं आपटला."

आली का पंचाईत! वखर धर म्हटलं तर धरता येतं. काहीच करू नको म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची?

मग त्यांनी उलटं करायला लावलं. मूठ थरथरेपर्यंत आवळ आणि एकदम सोड. हे जमलं. मग खांदे कानांपर्यंत, मग भुवया, मग पायाची बोटं. ही रीत शिकागोच्या एडमंड जेकबसन या डॉक्टरची. १९२९ साली त्यानं ती पुस्तकात मांडली. शवासन त्याहून पुष्कळ जुनं, साधारण पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेतही आहे. तिथं मूठ आवळणं वगैरे नाही, मढ्यासारखं पडून राहायचं. मला शिकागोवालाच आपला वाटला.

त्याचा एक प्रयोग गुरुजींनी सांगितला. माणसाला निजवायचं, हात न हलवता फक्त वाकवल्याची कल्पना करायला लावायची. तेवढ्यानंही त्या हाताच्या स्नायूत बारीक वीज उमटायची, यंत्रावर दिसायची. आता मी स्वतःवर नजर ठेवली. पडल्या पडल्या डोक्यात तुरीची फवारणी सुरू, आणि पंप मारणारा हात कोपरापर्यंत ताठ. जीभ टाळूला चिकटलेली, दात दातावर. कपाळ तर मी झोपेतही गोळा करत असेन. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आणि अडत्यानं सांगितलेला भाव त्याच्या कितीतरी खाली, हे आठवलं की खांदे आपोआप कानांकडे.

शरीर पुरतं सैल झालं की मनात काळजी टिकत नाही, असं जेकबसनचं म्हणणं. इथं मी अडतो. भाव काही माझ्या खांद्यात नाही. पण अडत्याशी फोनवर बोलताना आता जबडा आवळल्याचं कळतं, सोडता येतो, आणि मान संध्याकाळपर्यंत टिकते. भाव तोच.

एका पहाटे हात धपकन पडला. मी खूश.

"घोरत होता तू," गुरुजी म्हणाले.

वर्गात बाई एकही नाही, म्हणून घरी बायकोला शिकवायला गेलो. ती पीठ मळत होती. मूठ आवळ म्हटलं.

"आवळलीच हाये," ती म्हणाली. "सोडतो म्हना, पन मंग भाकरी कोन थापते?"

हे गुरुजींना विचारायचं राहिलंय.